कसर लागू नये म्हणून

खोकं उघडताच गुंडूरावांना डांबराच्या गोळ्यांचा वास आला. झाकणाला भोकं पाडलेलं बुटांचं खोकं, आत वाळक्या पानांवर रानरेशमाचे सहा कोष, आणि मधोमध दोन पांढऱ्याशुभ्र गोळ्या.

"अगं, ह्या कुणी घातल्या?"

"मीच की," तुंगाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "सकाळी लग्नातल्या साड्या पेटीत ठेवल्या, तेव्हा तुमच्याही रेशमात दोन टाकल्या. कसर लागली म्हणजे?"

आतला किडा मरू नये म्हणून अख्खी थंडी जपलेल्या रेशमाला कीड लागू नये, याची चोख व्यवस्था झाली होती.

गुंडूरावांनी एकतीस वर्षं रेशीम कारखान्यात कोष उकळले. पतंग बाहेर पडला की धागा तुटतो; म्हणून तो पडायच्या आत कोष उकळायचा. चौऱ्याण्णव साली शाल-नारळ घेऊन निवृत्त होईपर्यंत त्यांनी हा नियम इतका पाळला, की कोषातून पतंग येतो हे त्यांना फक्त ऐकून माहीत होतं. बनशंकरीच्या बसथांब्यामागच्या बदामाच्या झाडावरून हे सहा कोष त्यांनी उतरवले, ते एकदा पतंग निघताना बघावा म्हणून.

गोळ्या खिडकीबाहेर गेल्या. त्यांनी एक कोष कानाशी हलवला. खुळखुळला. दुसराही खुळखुळला. हे दोघे थंडीतच वाळलेले, गोळ्यांचा दोष नाही, हे त्यांना कळलं. पण ते सांगायची त्यांना घाई नव्हती.

तुंगाबाई हात पुसत आल्या आणि त्यांनी नवऱ्याचं तोंड बघितलं. मग नारळ पारखावा तसा त्यांनी तिसरा उचलला.

"अहो, हा जड आहे. आणि टोकाला ओला कसा?"

ओलं टोक हललं. फुगलं. त्यातून केसाळ डोकं आलं, पाय आले, मागोमाग चुरगळलेले पंख. तो जीव तुंगाबाईंच्या मनगटावर चढला आणि खालच्या बाजूला लोंबकळला.

"अय्यो! काढा हो!"

"हलू नकोस. पंख पसरेपर्यंत असंच लटकावं लागतं त्याला. पडला तर जन्माचा पांगळा."

"किती वेळ?"

"स्वल्प."

"स्वल्प म्हणजे?"

हे गुंडूरावांना कारखान्यात कुणी सांगितलं नव्हतं.

पंख बोटभर उतरले. मग आणखी बोटभर. त्यांवर काचेसारखा एकेक गोल ठिपका उमटू लागला. तेवढ्यात आत गॅसवर काहीतरी फसफसलं, करपल्याचा वास आला. गुंडूराव लगबगीनं वळले.

"थांबा!" हात तसाच धरून तुंगाबाई कुजबुजल्या. "वारा लागेल त्याला. दूध जाऊ द्या उतू."