शर्वाणीचं उत्तर

सतरा वर्षांची शर्वाणी बोलत नसे. विशेष शाळेच्या बैठकीत तंत्रज्ञाने तिच्या कपाळाला पट्टा बांधला. मनातलं ओळखून तोच तिच्या वतीने बोलायचा.

"वसतिगृहात राहशील ना?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"माझं काय, कुठेही राहीन," पट्टा म्हणाला.

शर्वाणीने आईचा पदर मुठीत गच्च आवळला. आई चरकली. हे तर तिचं स्वतःचंच वाक्य, सासरी जन्मभर म्हटलेलं. पट्ट्याला शिकवताना लेकीची सगळी उत्तरं घाईघाईने तिनेच सांगितली होती.

"यातलं माझं तेवढं काढून टाका," आई म्हणाली.

तंत्रज्ञाने काढलं. पट्टा गप्प झाला. बाईंनी पुन्हा विचारलं, तरी त्यातून शब्द आला नाही.

"मग मघाचंच उत्तर धरू," बाई म्हणाल्या, आणि संमतीपत्रावर अंगठा घेण्यासाठी त्यांनी शर्वाणीची मूठ पदरावरून हलकेच सोडवली.