डाळिंबाची पाटी

"तुमच्यातल्या एकाला बी पटणार न्हाय, पण बारामतीची ती मॅच म्या जिंकली. बॉलला बोट न लावता!"

गेणबानं चहाची बशी ठेवली. निमगाव केतकीचा बाजार भरला होता, फुलाबाईच्या हॉटेलातली बाकं गच्च होती. कोपऱ्यात चिंतामणराव बसले होते. दोघंही कळसचे, शेताला शेत लागून. चिंतामणरावांचा ऊस दोन पेरं उंच. कारखान्याची तोड आधी त्यांच्या शेतात. त्यांचा नातू कुशल बारामतीच्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉलच्या संघात सगळ्यांच्या पुढं. गेणबाचा ऋषिराजही त्याच संघात, पण वर्षभर बाकावर. गेणबाच्या घासात हा खडा रोज लागायचा.

"फुटबॉल म्हंजी लाथा मारायचा?" शेजारी बसलेल्या म्हस्कूनं विचारलं.

"त्यो न्हवं. ह्यात नारळावानी बॉल काखंत मारून पळायचं. दर डावाला समदे थांबत्यात. थांबलं की कोच गडी बदलतो. पायजे तेवढे बदला, पण आत अकराच पायजेत. बारावा घावला की पंच पिवळा रुमाल फेकतो, आन् समदा संघ मागं हटवतो."

"एवढ्या कालव्यात पोरांना कळतं कसं, आत कोण आन् भाईर कोण?"

"पाट्या!" गेणबानं मांडीवर थाप मारली.

कोचनं दोन पाट्या रंगवून घेतल्या होत्या. एकीवर ऊस, एकीवर डाळिंब. ऊस वर झाला की आडदांड पोरं आत. डाळिंब वर झालं की चपळ पोरं आत. समोरच्या संघाला वाटायचं, शेजारी कृषी प्रदर्शन भरलंय. आत जाणाऱ्यानं आपल्या जागेवरच्या गड्याचं नाव घेऊन हाक मारायची, त्यानं हातावर टाळी देऊन बाहेर यायचं. कुशल उसातला, ऋषिराज डाळिंबातला. जागा एकच. आणि कुशलसारखा गडी असताना कोच डाळिंबाचं नाव कशाला काढतोय?

"त्या दिशी पाट्या धरायला कोचला जाणता माणूस पायजे हुता. मला म्हनला, गेणबा, तुमच्याशिवाय हाय कोण?"

"चिंतामणराव बी गेले हुते न्हवं?" फुलाबाईनं गाळणी झटकत विचारलं.

"हुते की. पाण्याच्या बाटल्या राखत हुते."

चिंतामणरावांनी बशीत फुंकर घातली.

"शेवटचा डाव. आमी चार गुणांनी मागं. कोच वरडला, ऊस! म्या म्हनलं, ऊस, ऊस, किती दिवस ह्येंचाच ऊस? आन् ह्यो उजवा हात असा वर केला. डाळिंब!"

हात खांद्यापर्यंत गेला आणि अडकला. गेणबानं ओठ दाबला आणि त्याच हातानं कान खाजवला.

"ऋषिराज सुटला की बाणावानी! कुशल, भाईर! कुशलनं आमच्याकडं बघितलं. पाटी कुणाच्या हातात हाय ते बघितलं. हसला. टाळी दिली आन् गुमान भाईर आला. अकराला अकरा. रुमाल पंचाच्या खिशातच. बॉल उडाला, आन् माझ्या नातवानं त्यो वरच्या वर असा कवळला, आन् थेट रेघंपल्याड! सहा गुण, मॅच आमची!"

हॉटेलात शिट्ट्या झाल्या.

"पर जागा गेली तर कुशल हसला कशापायी?" म्हस्कू म्हणाला.

"मला काय ठावं? आपल्याच आज्याची जिरली, म्हनून हसला आसंल." गेणबानं कोपऱ्याकडं तिरका डोळा टाकला. "काही म्हना चिंतामणराव, त्या दिशी तुमच्यावर मात केली."

"केली बाबा," चिंतामणराव म्हणाले.

गेणबाची बायको मुक्ताबाई बाजाराची पिशवी धरून दारात कधीची उभी होती. तिनं पिशवी खाली ठेवली.

"अहो, त्या दिशी तुमचा उजवा हात पलस्तरात, गळ्यात बांधल्याला. पानी बी मीच पाजत हुते. पाट्या ह्या चिंतामण भावजींच्या हातात हुत्या. त्येंनी सोताचा नातू भाईर काढला, म्हनून आपला आत गेला."