दोन बोटांचा दाब

"हात असाच समोर धरा. मी खाली दाबते, तुम्ही दाबू देऊ नका," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी ताईच्या मनगटावर दोन बोटं ठेवली.

कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेली धाकटी चमकली. ही तर तिचीच रीत! गेली बारा वर्षं ती दुसरं काय करत होती?

ताईचा हात क्षणभरही टिकला नाही. धप्पकन मांडीवर पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक आकडा लिहिला आणि खुर्ची जवळ ओढली.

"दुखणं मणक्यात उतरलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता ऑपरेशनचा प्रश्नच उरत नाही. त्रास कमी करता येईल तेवढा करू."

"असं कसं होईल?" धाकटी उठूनच उभी राहिली. "परवाच मी तिचा हात दाबून बघितला. पाच प्रश्न विचारले. तसूभर हलला नाही!"

"प्रश्न? कुणाला?"

"शरीराला," धाकटी म्हणाली. हे सांगताना तिची मान नेहमी ताठ व्हायची, आजही झाली.

घराच्या पुढच्या खोलीत तिचं काम चाले. माणसाला उभं करायचं, एका हातात औषधी थेंबांची बाटली द्यायची, दुसरा हात आडवा धरायला लावायचा. मग मनगटावर दोन बोटं ठेवून शरीराला विचारायचं, हे तुला मानवतं का? हात टिकला तर हो, पडला तर नाही. गुडघेवाले यायचे, झोप न येणारे यायचे. एका वकिलाचा चहा तिने तीन मिनिटांत सोडवला होता. त्याच्या बायकोला ते वीस वर्षांत जमलं नव्हतं. धाकटी भोंदू नव्हती. भोंदू असती तर फार बरं झालं असतं. भोंदू माणूस जगाला थेंब देतो आणि स्वतःच्या बहिणीला वेळेवर दवाखान्यात नेतो.

ताई म्हणजे तिची आईच. खरी आई एका साध्या ऑपरेशनला म्हणून गेली आणि परत आली नाही, तेव्हा ताई सतरा वर्षांची होती आणि धाकटी आठ. त्यानंतर वेण्या ताईने घातल्या, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सह्या ताईने केल्या. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की ताई म्हणायची, "आधी हिचं बघू." बघता बघता तिचं राहूनच गेलं.

गेल्या वर्षी ताईच्या छातीत गाठ निघाली. दवाखान्यातल्या सर्जननी स्पष्ट सांगितलं, याच महिन्यात काढून टाकू, बऱ्या होतील. धाकटीने घरी येऊन ताईला पुढच्या खोलीत उभं केलं आणि शरीराला विचारलं, ऑपरेशन हवं का? हात पडला. मग थेंबांची बाटली हातात देऊन विचारलं. हात टिकला. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी दोघी बहिणी पोटभर जेवल्या.

पुढे दर आठवड्याला तेच. ताईचे कपडे सैल होत गेले, जिना चढताना ती मध्येच थांबू लागली, भरलेला तांब्या उचलेना. पण धाकटीच्या बोटांखाली तिचा हात टिकायचा म्हणजे टिकायचा! "शरीर नको ते टाकून देतंय," धाकटी सांगायची. तिचा त्यावर विश्वास होता.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी आपला हात धाकटीसमोर धरला.

"परवा ताईंचा दाबलात तसा माझा दाबून दाखवा."

धाकटीने मनगटावर बोटं ठेवली.

"दाबा."

"दाबतेय."

"नाही हो. नुसती ठेवलीत."

धाकटीने खाली पाहिलं. आपली बोटं ती जणू पहिल्यांदाच बघत होती. मनगटावरची कातडीसुद्धा खाली गेली नव्हती. तिने मनाला विचारून पाहिलं. परवा कशी दाबली होती? अशीच. मागच्या महिन्यात? तेव्हाही अशीच. ताई जसजशी खंगत गेली, तसतशी ही बोटं हलकी होत गेली होती आणि त्यांच्या मालकिणीला पत्ताही नव्हता. रडू येईल असं तिला वाटलं, पण ते आलं नाही.

"तुम्ही बोला दोघी," असं म्हणून डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या.

ताई एका हाताने बाहीचं बटण लावायचा प्रयत्न करत होती. धाकटीने पुढे होऊन ते लावलं.

"ताई, मी दाबत नव्हते हे तुला कळत होतं?"

"न कळायला काय झालं?"

"मग बोलली का नाहीस? इतके दिवस! एकदा तरी म्हणायचंस, नीट दाब."

"एकदा दाबला होतास की," ताई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रारीचा मागमूस नव्हता. "ऑपरेशनचं विचारलंस ना, तेव्हा. सगळा भार टाकलास. चार दिवस मनगट दुखत होतं. म्हटलं, पोरगी एवढी घाबरलीय, तर राहू दे ऑपरेशन."