यल्लाप्पाची शेवटची दहा मिनिटं

अपघातात मेलेल्या कामगार यल्लाप्पाचं हेल्मेट डोक्यावर चढवताना फाउंड्रीचे मालक मगदूमशेठ कुरकुरले, “हा नियम अजून मसुद्यातच आहे ना?”

“हो. पण चाचणीला तुम्ही होकार दिलात, म्हणून अपघातानंतर बंद केलेली फाउंड्री लवकर उघडेल,” सुरक्षा निरीक्षक रेहाना मुल्ला म्हणाल्या. “शेवटच्या दहा मिनिटांत त्याला जे दिसलं, जे वाटलं, ते सगळं यात साठलंय. मालकाने ते भोगायचं.”

दहा मिनिटांनी शेठनी हेल्मेट काढलं, तेव्हा त्यांचा सदरा घामाने भिजला होता.

“क्रेनची साखळी तुटायला आलेली त्याने पाहिली होती. सांगायला माझ्या केबिनच्या दारापर्यंत आला. मग छाती धडधडायला लागली, आणि तो कामावर परत गेला, त्याच साखळीखाली.”

“कशाला घाबरला एवढा?”

शेठनी हेल्मेट हळूच टेबलावर ठेवलं.

“मला,” ते म्हणाले.