दारामागचा पासवर्ड

"नवऱ्याचा पासवर्डही ठाऊक नाही तुला?" मी सुनेला टोचलं. नंदूच्या कॉम्प्युटरने तिला तिसऱ्यांदा नाही म्हटलं होतं. "जुईचा वाढदिवस घालून बघ."

"घातला, आई. लग्नाची तारीखही घातली."

माझा लेक जाऊन पंधरा दिवस झाले होते. जुईला सांगायच्या गोष्टी त्याने स्वतःच्या आवाजात त्या कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवल्या होत्या. सहा वर्षांची पोर सकाळपासून बाबाची गोष्ट मागत होती.

"कुठे लिहून तरी ठेवायचा माणसाने," मी म्हटलं.

"ठेवला होता." सून माझ्याकडे न बघता बोलली. "विसरायचे ना ते. दारामागे खडूने लिहिला होता."

खडू मला आठवला. दारं-भिंती खराब करतो म्हणून त्याच्यावर कितीदा ओरडले होते. तेराव्याला सुतक फिटलं आणि घर धुवायला काढलं. सून कोपऱ्यात बसून होती, म्हणून पदर खोचून मीच ते दार घासलं. वर तिला ऐकवलंही, "बघून ठेव, दार असं धुतात."

"पहिलं अक्षर तरी आठवतंय का, आई?"

चौथी शिकलेली मी, पण या घरात कुणापुढे कधी 'येत नाही' म्हटलं नव्हतं. "मला इंग्रजी वाचता येत नाही गं," मी म्हटलं.

जुई दारामागे जाऊन बघून आली. काही राहिलं नव्हतं. मी धुतलेल्या दारावर डाग राहत नाही.