बुजवलेली त्रुटी

"ताई, गाडी मधीच बंद पडली. ह्यांनी मोबाइलवरून बंद केली. 'जिथं हायेस तिथंच बस' म्हणून मेसेज आलाय." धाकट्या बहिणीचा, करुणाचा फोन होता. "आता सापडले तर जित्ती सोडणार न्हाईत मला."

महामायाने नांदेडच्या घरी लॅपटॉप उघडला. इंटरनेटला जोडलेल्या गाड्यांच्या सुरक्षेतल्या त्रुटी शोधणं हेच तिचं काम होतं. "कुठं आहेस?"

"हिमायतनगर सोडलं, भोकरच्या रस्त्याला हाय. मागल्या साली तू अशीच गाडी नुसत्या नंबर प्लेटवरून घरी बसून चालू केली होतीस न्हाई? तशी ही कर की."

"ती त्रुटी मीच कंपनीला कळवली, करुणा. त्यांनी ती बुजवली. आता मालकाशिवाय कोणालाच ते जमत नाही."

"मालक मीच हाय! आरसी माझ्या नावावर हाय."

"गाडीचं ॲप मालक ओळखतं ते मोबाइल नंबरवरून. शोरूममध्ये नंबर कोणाचा दिला होतात?"

"ह्यांचा. बाईचा नंबर कोण देतंय तिथं?" मग एकदम म्हणाली, "ताई, मागून जीप येऊन राहिली. ह्यांचीच हाय."

"दारं आतून लॉक कर. पोलिसांना मी दुसऱ्या फोनवरून कळवलंय. ते येईपर्यंत उतरू नको."

"केली लॉक."

जीप थांबल्याचं महामायाला फोनवर ऐकू आलं. कोणी ओरडलं नाही, काचेवर कोणी हातही आपटला नाही. फक्त गाडीच्या चारही दारांची लॉकं एकदम उघडली.