ड्रॅगनचे खवले
काओशुंग बंदरात आलेला माल कोणत्या वर्गात घालायचा हे ठरवणाऱ्या सू-फेनबाईंच्या टेबलावर चिनी मातीच्या तुकड्यांचा ड्रॅगन उभा होता. जन्मभर परदेशी पेनांगात देवळांची छपरं सजवणारे त्साय आजोबा तो आपल्या गावच्या देवळासाठी घेऊन आले होते. साच्यातला शोभेचा माल ठरला तर कर लागणार होता. कलावंतानं हातानं घडवलेलं शिल्प ठरलं, तर माफ. आजोबांचा माल सोडवून द्यायला आलेल्या दलालानं कागदावर कलावंत म्हणून आजोबांचंच नाव लिहिलं होतं. बाईंनी खवल्यांवरून बोट फिरवलं. एक खवला दुसऱ्यासारखा नव्हता आणि प्रत्येकाला फुटलेल्या वाडग्याचा बाक होता. “आजोबा, काय सुरेख काम केलंत हो,” त्या म्हणाल्या. दलालाच्या जिवात जीव आला. आजोबा मात्र अवघडले. “माझं नाही, बाई. मी नुसता चुना कालवायचो. वाडगे फोडणं, कापणं, लावणं, सगळं माझ्या बायकोचं. आमच्या घरात धड वाडगा म्हणून टिकला नाही. जेवायचो पत्र्याच्या ताटल्यांत.” “गप बसा की,” दलाल पुटपुटला, “कागद खोटा ठरला तर माल अडकेल.” “अडकू दे. ती गेली म्हणून तिचं काम माझं होतं होय?” बाईंनी आजोबांचं नाव खोडलं. “काय नाव त्यांचं?” “बी-युन. हाँग बी-युन.” त्यांनी ते ‘कलावंत’ या शब्दापुढं लिहिलं, कर माफ केला आणि शिक्का मारला. आजोबांना वाचता येत नव्हतं. “काय लिहिलंत, ते जरा मोठ्यानं वाचाल?” सू-फेनबाई खुर्चीतून उठल्या आणि अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल असं त्यांनी ते नाव वाचलं.